कोल्ह्याला लस, लांडग्याला प्रतीक्षा

ऑक्टोबर १९७८. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात काही माणसे कोंबड्यांची मुंडकी रानात टाकत हिंडत होती. प्रत्येक मुंडक्यात रेबीजच्या लसीची एक लहानशी पुडी दडवलेली होती. मुंडके कोल्ह्याने चावावे, पुडी फुटावी आणि लस त्याच्या तोंडात उतरावी, एवढीच ती युक्ती. मोकळ्या रानातल्या प्राण्याला तोंडावाटे लस देऊन रेबीज अडवण्याचा जगातला हा पहिला प्रयोग. तो यशस्वी झाला. पुढे पश्चिम युरोपात विमानांतून आणि हेलिकॉप्टरांतून अशी आमिषे टाकली गेली. २००८ साली जर्मनीनेही कोल्ह्यांच्या रेबीजपासून सुटका झाल्याचे जाहीर केले.

तो कोल्हा दुर्मीळ नव्हता. युरोपभर मुबलक होता, आजही आहे. लस त्याला मिळाली ती माणसाच्या आणि गुराढोरांच्या काळजीपोटी.

याच रोगाने जगातला एक अतिदुर्मीळ लांडगा पुन्हा पुन्हा नामशेष होण्याच्या काठावर नेऊन ठेवला. त्याच्यासाठी अशीच आमिषाची लस नेमाने देण्याची पहिली मोहीम निघाली ऑगस्ट २०१८ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत काय घडले आणि काय घडू दिले गेले, त्याची ही हकिगत. (धागा लांब आहे.)

आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की वाळवंट, सव्हाना किंवा घनदाट जंगल दिसते. इथिओपियाचे पठार या तिन्हींत बसत नाही. आफ्रिकेत तीन हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या भूमीचा सर्वांत मोठा वाटा या एका देशात आहे. महाखचदरीने हे पठार मधोमध चिरले आहे आणि दरीच्या आग्नेयेला बाले पर्वत उभा आहे. तिथले सानेत्ती पठार सुमारे चार हजार मीटरवर पसरलेले आहे. शेजारचे तुल्लू दिम्तू शिखर ४,३७७ मीटर उंच. रात्री जमीन गोठते आणि दुपारी उन्हाने कातडी भाजते. झाडे नाहीत, खुरटी झुडपे, गवताचे झुबके आणि मधूनच पुरुषभर उंचीहून अधिक वाढलेले लोबेलियाचे खांब.

या उजाड वाटणाऱ्या भूमीच्या पोटात मात्र विलक्षण समृद्धी आहे, ती उंदरांची. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे बिळात राहणारा ‘जायंट मोल रॅट’. जगात तो फक्त बालेच्या पर्वतांत सापडतो. तो बिळाच्या तोंडाशी येऊन भोवतालचे गवत कुरतडतो आणि जरा चाहूल लागली की आत सरकतो. याच उंदरावर आणि त्याच्या लहान भाऊबंदांवर इथिओपियन लांडगा जगतो.

तांबूस अंग, पांढरा गळा, लांब पाय आणि टोकाला निमुळते होत गेलेले नाजूक तोंड. वजन जेमतेम पंधरा किलोंच्या आसपास. पहाटे कळपातले सगळे एकत्र येतात, एकमेकांचे तोंड हुंगतात, मिळून हद्दीची फेरी मारतात. पण शिकारीला प्रत्येक जण एकटा निघतो, कारण एक उंदीर वाटून खाता येत नाही. कळपात बहुधा एकच मादी विते, तीही वर्षातून एकदा, आणि पिलांना बाकीचे सगळे भरवतात. २०२४ मध्ये संशोधकांनी आणखी एक गंमत नोंदवली. हे लांडगे ‘रेड हॉट पोकर’ नावाच्या फुलांचे तुरे चाटून मध खातात आणि तोंडाला पराग माखून पुढच्या तुऱ्याकडे जातात.

असे प्राणी आज सुमारे पाचशे उरले आहेत. निम्म्याहून अधिक बालेमध्ये. उरलेले उत्तरेकडच्या सिमियन, ग्वासा, वोलो आणि दक्षिणेच्या आर्सी अशा डोंगरमाथ्यांवर थोडे थोडे. हे माथे म्हणजे समुद्रातली बेटे समजावीत, फक्त समुद्राच्या जागी शेते. सातूची शेती वर्षागणिक डोंगर चढते आणि बेट लहान होत जाते. गुना आणि चोके या डोंगरांवरचे लांडगे तर संपले. जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात हा प्राणी नाही. डोंगरावर जो आहे तोच आहे.

त्याच्या नावाचीही एक कथा आहे, आणि ती अवांतर नाही.

फ्रांकफुर्टचा निसर्गशास्त्रज्ञ एडुआर्ड र्‍यूपेल १८३० च्या दशकात तेव्हाच्या अबिसीनियात हिंडला. सिमियन पर्वतात आढळलेल्या या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन त्यानेच प्रथम केले. ‘सिमेन्सिस’ हे नाव तेव्हापासूनचे. पुढे इंग्रजी पुस्तकांत त्याला कधी ‘सिमियन फॉक्स’, कधी ‘सिमियन जॅकल’ म्हटले गेले. अम्हारिक भाषेत तो ‘के केबेरो’, म्हणजे तांबडा कोल्हा. ओरोमो लोक त्याला ‘जीदाला फर्दा’, घोड्याचा कोल्हा, म्हणतात. व्यायला आलेल्या घोड्यांच्या आणि गाईंच्या मागे तो वार खाण्यासाठी घुटमळतो, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते. तो खरोखर कोण, हे कळायला १९९४ उजाडावे लागले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले, की त्याचे जवळचे नाते आफ्रिकेतल्या कोल्ह्यांशी नसून करड्या लांडग्याशी आणि अमेरिकेतल्या कायोटीशी आहे. हिमयुगात युरेशियातून आलेल्या कोणा पूर्वजाचा तो पठारावर अडकून राहिलेला वंशज.

हे नाते जितके गौरवाचे तितकेच घातक ठरले. करडा लांडगा ज्याचा नातलग, त्याचा कुत्राही नातलग. कुत्र्याचा रोग त्याला लागतो आणि कुत्र्याशी त्याचा संकरही होतो. बालेतल्या वेब नदीच्या खोऱ्यात असे संकरित प्राणी आढळले आहेत.

आता त्या कुत्र्याविषयी. एवढ्या उंचीवर तो आला कसा?

बालेतल्या ओरोमो पशुपालकांची ‘गोदान्तू’ नावाची एक जुनी रीत आहे. ऋतू पालटला की गुरे खालच्या रानातून वरच्या कुरणांवर न्यायची आणि पुन्हा खाली आणायची. रात्री तरस आणि बिबट्या यांचे भय असते, म्हणून प्रत्येक झोपडीपाशी कुत्रे. त्यांना कोणी बांधत नाही, फारसे खायलाही घालत नाही. दिवसा ते मोकळे फिरतात, मेलेले जनावर खातात, उंदीर धरतात आणि लांडग्याच्या हद्दीत शिरतात. पशुपालकाचा यात काडीचा दोष नाही. तरसाच्या तोंडी वासरू द्यायचे नसेल तर कुत्रा हवाच. ज्याची सारी पुंजी चार पायांवर उभी आहे, त्याला शहरात बसून ‘कुत्रे पाळू नका’ म्हणून सांगणे हा शुद्ध उद्धटपणा होय.

एक पिसाळलेला कुत्रा एका लांडग्याला चावतो. तो लांडगा पहाटे कळपात परततो. तिथे रीतीप्रमाणे तोंडाला तोंड लागते आणि लवकरच अख्खा कळप जातो. ज्या जिव्हाळ्यावर या प्राण्याचे जगणे उभे आहे, त्याच वाटेने रोग पसरतो.

१९९१–९२ मध्ये नेमके हेच झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून क्लाउडियो सिलेरो आणि त्यांचे सहकारी बालेत या लांडग्यांचा अभ्यास करत होते. एकेक प्राणी त्यांच्या ओळखीचा होता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कळपच्या कळप नाहीसे झाले. अभ्यासाखालच्या लांडग्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश संपले. त्याच सुमारास देशातली ‘दर्ग’ची लष्करी राजवट कोसळत होती आणि उद्यानाचा बंदोबस्तही ढासळला होता. राजधानीत सत्ता कोणाच्या हाती हेच ठरलेले नसताना चार हजार मीटरवरच्या लांडग्याला काय होते आहे, याची चौकशी कोण करणार?

सिलेरो यांनी १९९५ साली इथिओपियन लांडगा संवर्धन कार्यक्रम उभा केला आणि लवकरच बालेच्या परिसरातल्या गावांत कुत्र्यांना लस टोचायला सुरुवात झाली. हा मार्ग योग्यच होता. त्यात माणसांचे रक्षण होते, गुरांचे होते आणि गावकऱ्यांशी संबंधही जुळत होते. पण रेबीज अडवायचा तर साधारण दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळालेली असावी लागते. डोंगरातला कुत्रा अल्पायुषी. आज टोचलेले पुढच्या दोन-तीन वर्षांत मरतात आणि नवी पिल्ले आलेली असतात. शिवाय गुरांबरोबर दूरदूरचे कुत्रे वर येतात. चाळणीत पाणी भरण्यासारखे हे काम वर्षानुवर्षे चालू राहिले, आणि २००३ मध्ये वेब खोऱ्यात रेबीज पुन्हा उसळला. पुन्हा तिथले बहुसंख्य लांडगे गेले.

मग लांडग्यांनाच लस का दिली नव्हती?

या प्रश्नाचे उत्तर टांझानियातल्या सेरेंगेटीत आहे. तिथल्या रानकुत्र्यांना रेबीजविरुद्ध लस टोचली गेली होती, काहींच्या गळ्यात रेडिओपट्टे होते. आणि १९९१ पर्यंत अभ्यासाखालचे ते सारे कळप नाहीसे झाले. रॉजर बरोज या संशोधकाने मत मांडले, की पकडणे, बेशुद्ध करणे आणि टोचणे या साऱ्या ताणामुळेच प्राण्यांच्या अंगात सुप्त असलेला रोग उफाळला असावा. वाद पेटला. इतर अनेकांनी आकडेवारी तपासून हे मत खोडून काढले. पण संवर्धनाच्या जगात एक भीती कायमची बसली. वन्य प्राण्याला हात लावला आणि तो मेला, तर दोष हात लावणाऱ्याच्या माथी. हात न लावता तो मेला, तर दोष निसर्गाचा.

खरी गोम इथे आहे. ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हे वाक्य ऐकायला सात्त्विक वाटते. ज्या अरण्यात माणसाचे पाऊल पडलेले नाही, तिथे ते खरेही असेल. बालेच्या पठारावर कुत्रा माणसाबरोबर आला, रोग कुत्र्याबरोबर आला, आणि शेतीने डोंगर चढून लांडग्याला एवढ्याशा जागेत कोंडले, की त्याला पळायला वाट उरली नाही. इतकी ढवळाढवळ झाल्यानंतर ऐन औषधाच्या वेळी निसर्गाच्या पावित्र्याची आठवण होणे, याला तत्त्व म्हणावे की सोय?

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. टोचायचे तर लांडगा सापळ्यात धरावा लागतो, बेशुद्ध करावा लागतो. त्यात दुखापत होऊ शकते, आणि जिथे प्राणी शेकड्यांत मोजायचे तिथे एकेक जीव मोलाचा. सुप्त रोग घेऊन हिंडणाऱ्या प्राण्याला लस दिली तर काय, हाही प्रश्न होता. सावध राहण्याला कारण होते. पण सावधगिरीलाही मुदत असावी लागते.

२००३ च्या अखेरीस इथिओपियाच्या सरकारने आणीबाणीचा उपाय म्हणून परवानगी दिली. पथकांनी वेब खोऱ्यातून इतर वस्त्यांकडे जाणाऱ्या अरुंद पट्ट्यांत लांडगे पकडून टोचले, सत्तरच्या आसपास. साथ तिथेच अडली. पलीकडचे कळप वाचले.

या अनुभवावरून गणिती प्रतिमान मांडणारा एक लेख २००६ साली ‘नेचर’मध्ये आला. त्याचा निष्कर्ष सर्वांना चकित करणारा होता. साथ मुळीच येऊ नये असा हट्ट धरला तर फार मोठ्या संख्येने लस द्यावी लागते. पण वंश बुडू नये एवढेच ध्येय ठेवले, तर लांडग्यांपैकी वीस ते चाळीस टक्क्यांना, योग्य जागी, दिलेली लसही पुरते. थोडे मरतील, पण वंश टिकेल. पोथीतल्या पूर्णत्वाऐवजी डोंगरावर जमण्याजोगे काही तरी या लेखाने हाती दिले.

म्हणजे २००६ साली लस होती, पंचवीसेक वर्षे युरोपात वापरली गेलेली आमिषाची युक्ती होती, आता गणितही होते. तरी लस दिली जाई ती साथ आल्यावरच. २००८ मध्ये रेबीज आला. मागोमाग २०१० मध्ये कुत्र्यांचाच दुसरा रोग, डिस्टेंपर. २०१४ मध्ये पुन्हा रेबीज आणि २०१५ मध्ये पुन्हा डिस्टेंपर. एका घावातून कळप सावरतो न सावरतो तोच दुसरा. प्रत्येक वेळी तोच क्रम: कोणाला तरी मेलेला लांडगा सापडायचा, नमुना परदेशी प्रयोगशाळेत जायचा, उत्तर यायचे, परवानगी निघायची, आणि पथक सापळे घेऊन डोंगरावर चढेपर्यंत रोग कितीतरी पुढे गेलेला असायचा.

दरम्यान आमिषाच्या चाचण्या सुरू होत्या. इथिओपियन लांडगा काही युरोपातला कोल्हा नव्हे. त्याला कोणते मांस आवडते, तो ते केव्हा खातो, कुत्रे आणि कावळे आधी पळवतील का, हे सारे पाहावे लागले. बकऱ्याचे मांस त्याला भावले. त्यात लसीची पुडी लपवायची आणि रात्री, लांडगे हद्दीत असताना, त्यांच्या वाटेवर टाकायची. घोड्यावर बसून, अंधारात, गोठलेल्या पठारावर हे काम करणारी माणसे बहुतेक त्याच डोंगरातली आहेत. पकडणे नाही, भूल नाही, सुई नाही. ज्या आक्षेपांवर इतकी वर्षे वाद झाला, त्यांतले बहुतेक बकऱ्याच्या मांसाच्या एका तुकड्याने निकालात काढले.

ऑगस्ट २०१८ मध्ये बालेत साथ नसताना प्रतिबंधक म्हणून तोंडावाटे लस देण्याची पहिली मोहीम झाली. डिस्टेंपरवर या लसीचा काही उपयोग नाही, हे खरे. पण दोन शत्रूंपैकी एकाला दाराबाहेर ठेवता येत असताना दुसरा उरतो म्हणून दार सताड उघडे ठेवण्यात काही अर्थ नाही. ही लस धरण किंवा रस्ता यांच्या देखभालीसारखी नित्याच्या खर्चात बसली पाहिजे. देणगीदाराच्या मर्जीवर आणि पुढच्या साथीच्या बातमीवर तिचे भवितव्य टांगलेले राहणे धोक्याचे आहे. साथीच्या बातमीला पैसा मिळतो. जी साथ आलीच नाही तिची बातमी होत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये पुढे आला. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात डिस्टेंपरने सिंह मरू लागले तेव्हा अमेरिकेहून घाईघाईने लस मागवावी लागली होती. तिथेही लसीचा विचार सुरू झाला तो प्रेते मोजल्यानंतर.

लसीची बाजू इतकी मांडल्यावर तिची मर्यादाही सांगणे भाग आहे. लस लांडग्याला रोगापासून वाचवील. उंदीर आणि गवत ती देऊ शकत नाही. त्यासाठी बालेहून उत्तरेला, आदिस अबाबाच्या पलीकडे असलेल्या मेन्झ प्रदेशात जावे लागेल. तिथल्या ग्वासा नावाच्या उंच कुरणाचा इतिहास लांडग्याच्या इतिहासाहून कमी रंजक नाही.

ग्वासा हे मुळात एका गवताचे नाव. घर शाकारायला, दोर वळायला उत्तम. सतराव्या शतकापासून मेन्झच्या लोकांनी या कुरणासाठी ‘केरो’ नावाची व्यवस्था चालवली. परंपरेनुसार आस्बो आणि गेरा या दोन मूळपुरुषांच्या वंशजांना तिथे हक्क होता. ते आपला एक प्रमुख निवडत. त्याच्या हुकमाने कुरण ओळीने काही वर्षे बंद राही. कापणी नाही, चराई नाही. गवत पुरेसे वाढले की ते मोकळे होई, मग ठरल्या रीतीने कापणी, मग गुरे, आणि पावसाआधी पुन्हा बंदी. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होई आणि ती सौम्य नसे. मराठी मुलखातही कुरण राखण्याची रीत आहेच. पण मेन्झचे हे कुरण सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे आहे आणि ते शतकानुशतके राखले गेले.

हे सारे छपरासाठी आणि गुरांसाठी होते, लांडग्याचा त्यात विचारही नव्हता. पण गवताच्या झुबक्यांखाली उंदीर नांदले आणि उंदरांवर लांडगे. तिथे गेलाडा माकडांचे मोठमोठे कळप गवत खात हिंडतात. लांडगा त्यांच्यामधून शांतपणे चालतो, माकडांच्या पिलांकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि माकडेही त्याला घाबरत नाहीत. माकडांच्या कळपात असताना उंदीर धरण्यात त्याला अधिक यश येते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले: तीनपैकी दोन प्रयत्न यशस्वी, आणि एकटा असताना चारपैकी एक.

१९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी पदच्युत झाले आणि १९७५ मध्ये नव्या राजवटीने सारी ग्रामीण जमीन सरकारजमा केली. ‘कसेल त्याची जमीन’ ही इथिओपियातल्या विद्यार्थ्यांची दहा वर्षांची घोषणा होती, आणि जमीनदारीखाली भरडलेल्या कुळांच्या दृष्टीने तो न्यायच होता. केरो व्यवस्थाही सर्वांची नव्हती. ज्यांचा वंश मूळपुरुषांपर्यंत पोहोचत नसे, त्यांना त्या कुरणात हक्क नव्हता. म्हणून ती मोडली याबद्दल सरसकट हळहळणे अप्रामाणिक ठरेल. पण मोडली ती दुसरी व्यवस्था उभी न करता. कुरण सर्वांचे झाले आणि राखणारा कोणीच उरला नाही.

ग्वासा वाचले ते लोकांनीच पुढे नवे नियम करून, समिती नेमून, आपलेच राखणदार ठेवून. यावेळी हक्क वंशावर नव्हे तर वस्तीवर आधारलेला होता. आज इथिओपियात लांडग्यांची जी थोडी ठिकाणे उरली आहेत, त्यांत ग्वासा हे लोकांनी राखलेले ठिकाण म्हणून ओळखले जाते.

सिमियनमध्ये वेगळे घडले. ते राष्ट्रीय उद्यान १९६९ चे, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या १९७८ मधल्या पहिल्यावहिल्या यादीतले. १९९६ मध्ये ते ‘धोक्यातील वारसा’ ठरले. २०१६ मध्ये उद्यानातले गिच गाव हलवून रहिवाशांना दबार्क शहराजवळ वसवले गेले आणि २०१७ मध्ये उद्यानाचे नाव धोक्याच्या यादीतून निघाले. गवत परत आले, हे मान्य करावे लागते. पण ज्यांचे गाव उठले त्यांनी लांडग्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, याचे उत्तर कोणत्याही यादीत सापडत नाही. ग्वासाचा मार्ग संथ आहे, भांडणांचा आहे. तरी कुरणाशी ज्याचे पोट बांधलेले आहे तोच ते दीर्घकाळ राखतो, याचा सतराव्या शतकापासूनचा पुरावा तिथे उभा आहे.

याच सिमियनमध्ये २०२० साली एका नर लांडग्याला कोणी तरी गोळी घातली. पायाचे हाड मोडले. जुना दंडक पाळायचा तर त्याला तसाच सोडून द्यायला हवे होते. या जातीच्या प्राण्याला पकडून, उपचार करून पुन्हा रानात सोडल्याचे उदाहरणच नव्हते. इथिओपियाचा वन्यजीव विभाग आणि संवर्धन कार्यक्रमाचे लोक यांनी तरीही त्याला उचलले. डोंगरातच एक तात्पुरता पिंजरा उभारून सुमारे पन्नास दिवस त्याची शुश्रूषा केली. त्याला ‘तेरेफे’ हे नाव मिळाले. अम्हारिकमध्ये त्याचा अर्थ वाचलेला. हाड जुळले, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून त्याला सोडले गेले. काही दिवस तो आपल्या जुन्या कळपात राहिला, मग एकटाच दूरवर भटकला. पुढे त्याला जोडीदारीण मिळाली आणि त्यांना पिले झाली.